गळाचा मासा आणि सरोवराचा रंग

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन. या शहराला लागून मेंडोटा नावाचे सरोवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस किलोमीटर, आणि सर्वांत खोल जागी पाणी २५ मीटर. सरोवराच्या वायव्य काठावर डेन काउंटीचे एक उद्यान आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. उद्यानात भव्य असे काही नाही. तंबू ठोकायला जागा, पोहण्यासाठी वाळूचा काठ, होड्या पाण्यात उतरवायचा उतार आणि मोठी झाडे. उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी येथे कुटुंबेच्या कुटुंबे येतात. मुले पाण्यात डुंबतात आणि आजोबा नातवाला गळाला आमिष लावायला शिकवतात. हिवाळ्यात सरोवर गोठले की गळवाली मंडळी बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडून बसतात.

मासेमारीच्या अशा जागी नियमांचे फलक असतात. कोणत्या जातीचे किती मासे एका दिवसात न्यायचे, आणि मासा किमान किती लांबीचा असला तरच न्यायचा, ते त्यांवर लिहिलेले असते. मर्यादेहून लहान मासा गळाला लागला तर तो हलक्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडायचा. होडी पाण्यात उतरवायच्या जागी आणखी एक सूचना दिसते. होडी बाहेर काढल्यावर तिला चिकटलेले सर्व काढून टाका आणि आतले पाणी तेथेच ओतून द्या, अशी. फिरायला आलेल्या माणसाला ही सरकारी कटकट वाटते. पण या फलकांमागे शंभराहून अधिक वर्षांचे जीवशास्त्र आहे. आजोबांनी किती मासे घरी न्यायचे आणि नातवाला स्वच्छ पाण्यात पोहायला मिळणार की नाही, या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्या कशा, हे या लेखात पाहू या.

पाणी हिरवे का होते?

पाणी हिरवे दिसते ते त्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांमुळे. शैवालांना प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि काही क्षार लागतात. गोड्या पाण्याच्या सरोवरात बहुधा फॉस्फरसचा तुटवडा असतो. शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात तोच हा. तो अगदी थोडा मिळाला, तरी त्याच्या काहीशे पट वजनाची ओली शैवाले तयार होऊ शकतात.

मेंडोटात तो येतो कोठून? पूर्वी आसपासच्या वस्त्यांचे सांडपाणी सरोवरात येत असे. १९७१ पर्यंत ते दुसरीकडे वळवण्यात आले. तरीही सरोवर हिरवे होतच राहिले, कारण या भागात दुभत्या गाईंचे मोठे गोठे आणि मक्याची शेते आहेत. गोठ्यातले शेण आणि खते शेतांत पडतात, आणि वसंतात बर्फ वितळले की त्यांतला फॉस्फरस ओढ्यांवाटे सरोवरात उतरतो. शिवाय तळाच्या गाळात वर्षानुवर्षे साठलेला फॉस्फरसही पुन्हा पाण्यात येतो.

उन्हाळ्यात वाढणाऱ्या शैवालांत नीलहरित शैवालांचे प्रमाण मोठे असते. खरे तर हे जीवाणू आहेत. त्यांच्या काही जाती विष तयार करतात. पाण्यावर त्यांची साय धरली की आरोग्य खात्याला पोहण्याचे काठ बंद ठेवावे लागतात. मुलांनी आठवडाभर वाट पाहिलेली असते, आणि काठावर गेल्यावर 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी दिसते.

बाण उलटाही चालतो

अन्नसाखळी आपण वर्गात फळ्यावर काढतो. शैवाल, त्याला खाणारा सूक्ष्म प्राणी, त्याला खाणारा छोटा मासा आणि त्याला खाणारा मोठा मासा. बाण खालून वर जातात. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात असे बसते की, जे काही ठरते ते खाली ठरते. खाली अन्न जास्त तर वर प्राणी जास्त, आणि खाली कमी तर वरही कमी. हे चूक नाही, पण अपुरे आहे. बाण अन्न कोठे जाते ते दाखवतात. कोणामुळे कोणाची संख्या बदलते हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो परिणाम वरून खालीही येतो.

मेंडोटातली साखळी पाहू. शैवाले खाणारा मुख्य प्राणी म्हणजे डॅफ्निया. हा एक ते तीन मिलिमीटर लांबीचा कवचधारी जीव उड्या मारल्यासारखा पोहतो, म्हणून त्याला पाणपिसू म्हणतात. पायांची सतत हालचाल करून तो पाणी गाळतो आणि शैवाले खातो. डॅफ्नियाची लांबी दुप्पट झाली तर तो चौपट किंवा त्याहूनही अधिक पाणी गाळतो. म्हणजे पाणी स्वच्छ ठेवण्याच्या कामात थोडे मोठे डॅफ्निया पुष्कळ लहानांना भारी ठरतात. पण मोठ्या डॅफ्नियाची एक अडचण आहे. तो माशांना दिसतो. यलो पर्च, सिस्को यांसारखे मासे पाहून शिकार करतात, आणि मोठे डॅफ्निया आधी टिपतात. अशा माशांची गर्दी झाली की सरोवरात लहान डॅफ्नियाच उरतात.

सरोवरातल्या प्राणिप्लवकांचा आकार त्यातले मासे ठरवतात, हे १९६५ साली ब्रूक्स आणि डॉडसन या दोघांनी कनेक्टिकट राज्यातल्या तळ्यांच्या अभ्यासातून दाखवले. त्याआधी चेकोस्लोव्हाकियात ह्रबाचेक यांनी मत्स्यतळ्यांत असेच काही पाहिले होते.

आता छोट्या माशांना खाणारे मोठे मासे साखळीला जोडा. मेंडोटात ते आहेत वॉलआय आणि नॉर्दर्न पाइक. हे दोन्ही मासे गळवाल्यांचे फार आवडते. मोठे मासे वाढले की छोटे मासे घटतात. छोटे घटले की डॅफ्निया वाढतात. डॅफ्निया वाढले की शैवाले घटतात. पायरीगणिक चिन्ह बदलते, जसे उणे एकने पुन्हा पुन्हा गुणावे. आता साखळीच्या टोकाला माणूस ठेवा आणि हिशेब पुन्हा करा. माणसाने मोठे मासे जास्त नेले, तर छोटे मासे वाढतील, डॅफ्निया घटतील आणि शैवाले वाढतील. गळाने मासे धरणारा माणूस असा या साखळीचा पाचवा टप्पा आहे. तो काठावर बसतो, म्हणून आपण त्याला चित्रात काढायला विसरतो.

तीन तळ्यांचा प्रयोग

हे सगळे तर्काने ठीक वाटते, पण प्रत्यक्षात असे घडते का? विस्कॉन्सिन आणि मिशिगन यांच्या सीमेवरच्या जंगलात पीटर, पॉल आणि ट्यूस्डे नावाची तीन लहान तळी आहेत. स्टीफन कार्पेंटर, जेम्स किचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली तेथे एक धाडसी प्रयोग केला. पीटर तळ्यात बास नावाचे शिकारी मासे होते, तर ट्यूस्डेमध्ये फक्त छोटे मासे. त्यांनी पीटरमधले बहुतेक बास काढून ट्यूस्डेमध्ये सोडले आणि ट्यूस्डेमधले छोटे मासे पीटरमध्ये नेले. पॉल तळ्याला हात लावला नाही. ते तुलनेसाठी ठेवले.

ट्यूस्डे तळ्यात छोटे मासे झपाट्याने संपले, मोठे प्राणिप्लवक वाढले आणि शैवाले घटली. पाण्यात येणारे क्षार कोणी कमी केले नव्हते, बदलले होते ते फक्त मासे. पॉल तळे नसते तर 'त्या वर्षी हवाच वेगळी असेल' अशी शंका घेता आली असती. प्रयोगात तुलनेचा नमुना का ठेवायचा, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

मेंडोटात काय केले?

चार-सहा एकरांच्या तळ्यात जे जमले, ते शहराकाठच्या ४० चौरस किलोमीटरच्या सरोवरात जमेल का? राज्याचे निसर्गसंपदा खाते आणि विस्कॉन्सिन विद्यापीठ यांनी १९८७ साली हे करून पाहायचे ठरवले. जागा उत्तम होती. विद्यापीठ याच सरोवराच्या काठावर आहे, आणि एडवर्ड बर्ज व चान्सी ज्यूडे यांच्या काळापासून, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभापासून, तेथे सरोवराची मोजमापे होत आली आहेत. पैशाचीही एक सोय होती. अमेरिकेत १९५० च्या एका कायद्याने मासेमारीच्या साहित्यावर कर बसतो आणि तो पैसा मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांना मिळतो. गळ विकत घेणाराच सरोवराच्या निगेसाठी पैसे देतो.

१९८७ ते १९९९ या काळात वॉलआयची सुमारे २७ लाख आणि पाइकची सुमारे १ लाख ७० हजार बोटुकली मेंडोटात सोडली गेली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्ले. ती शिकारी होईपर्यंत काही वर्षे जातात. तोवर ती गळाला लागून संपू नयेत म्हणून किमान लांबीची मर्यादा वाढवली, आणि रोज किती मासे न्यायचे ती संख्या कमी केली. फलकावरचे आकडे आले ते असे.

पहिल्याच उन्हाळ्यात एक अनपेक्षित गोष्ट घडली. सिस्को हा थंड पाण्यातला मासा आहे. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की तो खाली जातो, पण फार खाली गेला तर तेथे ऑक्सिजन नसतो. १९८७ च्या कडक उन्हाळ्यात या दोन्हींमधला जगण्याजोगा थर फार अरुंद झाला आणि सिस्को मोठ्या संख्येने मेले. प्राणिप्लवक खाणाऱ्या माशांचे वजन आधी हेक्टरी ३०० ते ६०० किलोग्रॅम होते. नंतरच्या वर्षांत ते २० ते ४० किलोग्रॅमवर आले. लहान जातीच्या डॅफ्नियाची जागा मोठ्या जातीने घेतली आणि पाणी अधिक नितळ झाले.

मग श्रेय कोणाला द्यायचे, बोटुकल्यांना की कडक उन्हाळ्याला? मेंडोटाच्या जोडीला 'पॉल तळे' नव्हते, त्यामुळे पहिली घट उन्हाळ्यानेच घडवली हे मान्य करावे लागते. पण छोटे मासे पुढे बरीच वर्षे कमीच राहिले, यात वाढलेल्या शिकारी माशांचा वाटा होता, असे अभ्यासकांचे मत आहे.

आणखी एक धडा माणसांबद्दलचा होता. वॉलआय सोडल्याची बातमी पसरली तशी ते धरायला येणाऱ्यांची संख्या वाढली. शास्त्रज्ञ साखळीच्या वरच्या टोकाला मासे वाढवत होते, आणि त्या माशांमुळेच त्याहून वरचा भक्षक आकर्षित होत होता. रानात हरणे वाढली की वाघ वाढायला वर्षे लागतात. माणूस मात्र बातमी ऐकून पुढच्याच रविवारी येतो. म्हणून नियम नसतील तर नुसते मासे सोडून भागत नाही. परत सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असेही नाही. गळ खोल गिळला असेल किंवा मासा फार वेळ पाण्याबाहेर राहिला असेल, तर तो मरू शकतो. म्हणून 'हलक्या हाताने' हे शब्दही महत्त्वाचे आहेत.

काटेरी पाहुणी

ही व्यवस्था वीसेक वर्षे टिकली. २००९ साली विद्यापीठाच्या सरोवरशास्त्राच्या वर्गातले विद्यार्थी नेहमीप्रमाणे जाळी ओढत असताना त्यांना एक नवा प्राणी सापडला. तो होता बायथोट्रिफीस, म्हणजे काटेरी पाणपिसू. ती मूळची युरोप-आशियातली, आणि अमेरिकेच्या महासरोवरांत १९८० च्या दशकात जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आली. सुमारे सेंटिमीटरभर लांब, आणि त्यात अर्ध्याहून जास्त लांबी शेपटीच्या काट्याची. काट्यामुळे छोट्या माशांना ती गिळता येत नाही. तिचे आवडते खाद्य म्हणजे डॅफ्निया.

साखळीत मधेच एक असा भक्षक घुसला, की ज्याला वरून फारसे कोणी आवरत नव्हते. डॅफ्निया घटले आणि पाण्याची पारदर्शकता जवळजवळ एक मीटरने कमी झाली. गेलेली पारदर्शकता फॉस्फरस कमी करून परत मिळवायची, तर सरोवरात येणारा फॉस्फरस सुमारे ७१ टक्क्यांनी घटवावा लागेल, असा हिशेब २०१६ साली प्रसिद्ध झाला. पुढे गाळाचे थर तपासले, तेव्हा त्यांत हिचे काटे सापडले. २००९ च्या निदान दहा वर्षे आधीपासून ती थोड्या संख्येने तेथे होती, आणि अनुकूल थंड उन्हाळा मिळाल्यावर एकदम वाढली.

ती एका सरोवरातून दुसऱ्यात कशी जाते? गळाच्या दोरीला तिचे काटे अडकून कापसासारखा पुंजका होतो. होडीच्या तळाशी साठलेल्या पाण्यातून आणि आमिषाच्या बादलीतूनही ती जाते. वाहनाच्या मागे होडी जोडून शनिवारी एका सरोवरावर आणि रविवारी दुसऱ्यावर जाणारा हौशी माणूस नकळत तिचा वाहक होतो. होडीचे पाणी तेथेच ओता, असे सांगणारी दुसरी सूचना यासाठी. पहिला फलक माणसाला साखळीतला भक्षक मानून लिहिलेला आहे, तर दुसरा त्याला वाहक मानून.

यावरून 'मोठे मासे सोडले की पाणी स्वच्छ होते' असा सोपा निष्कर्ष काढू नये. वरून आणि खालून असे दोन्ही परिणाम एकाच वेळी चालतात. मोठे मासे काही प्रमाणात मदत करतात, पण शेतातून येणारा फॉस्फरस कमी करण्याला पर्याय नाही. आणि वरची व्यवस्था एखाद्या आगंतुक जीवाने मोडू शकते, हे मेंडोटाने दाखवले आहे.

आपल्या तळ्याकाठी

मेंडोटाचा उपाय जसाच्या तसा उचलून आपल्याकडे लावता येणार नाही. उष्ण प्रदेशातल्या तळ्यांत छोटे मासे वर्षाचा मोठा काळ वीण घालतात, त्यामुळे मोठ्या डॅफ्नियांना डोके वर काढायला फारशी सवड मिळत नाही. शिवाय आपण तलावांत बीज सोडतो ते कटला, रोहू, मृगळ यांचे, आणि ही शिकारी मासळी नव्हे. कटला पाण्याच्या वरच्या थरात राहून मुख्यतः प्राणिप्लवक खातो. मग कटला वाढवल्याने साखळीची कोणती कडी बळकट होते आणि कोणती दुबळी? विद्यार्थ्यांना फळ्यावर चिन्हे मांडून हे सोडवायला सांगावे. उत्तरावर वर्गात वाद झाला तर फारच चांगले.

मोजण्याची पद्धत मात्र कोणत्याही तळ्याला चालते. आंजेलो सेक्की हे इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ. १८६५ साली त्यांनी भूमध्य समुद्रात जहाजावरून पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. आज सरोवरांसाठी वापरतात ती तबकडी २० सेंटिमीटर व्यासाची, आणि तिचे चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवलेले असतात. डब्याचे पत्र्याचे झाकण घेऊन ती शाळेत करता येते. मधोमध भोक पाडून दोरी ओवावी, खाली वजन बांधावे आणि दोरीवर दर १० सेंटिमीटरला गाठ मारावी. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान सावलीच्या बाजूने तबकडी सोडायची. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्यायची. हे काम घाटाच्या पायरीवरून किंवा पुलावरून, शिक्षक सोबत असतानाच करावे. पावसाळ्यात गढूळपणा शैवालांचा नसून मातीचा असतो, म्हणून पाण्याचा रंगही टिपून ठेवावा. महिन्यातून एकदा, एकाच जागी, वर्षभर मोजले की वहीत एक आलेख तयार होतो.

त्या वहीत आणखी दोन नोंदी असाव्यात. तळ्यावर मासे धरणाऱ्यांना विचारून, या महिन्यात कोणते मासे मिळाले आणि ते केवढे होते. आणि तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला शेतांत काय चालले आहे. दुसऱ्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी तीच वही पुढे चालवावी. मेंडोटाच्या काठी सुरुवात अशाच नोंदींनी झाली होती, आणि २००९ चा पाहुणा नेमका ओळखता आला तोही विद्यार्थी दरवर्षीप्रमाणे जाळी ओढत होते म्हणूनच.